अक्कांनी खाडी मोकळी केली

फोन शेवंतीचा होता. सकाळचा चहा गाळत होते, हात ओले होते, म्हणून दोनदा वाजून थांबला तरी घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला तर पलीकडून एवढंच आलं, "बाई, वयनी गेली गो..." आणि मग कितीतरी वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. शेवंती आमच्या नात्यातली नाही. आमच्या गावाच्या बंदरवाडीत राहून, ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणारी आणि त्या रत्नागिरीच्या बाजारात विकून घर चालवणारी ती बाई. पुतण्याचा, म्हणजे घरचा फोन त्यानंतर आला. पण चिपळूणला राहणाऱ्या धाकट्या जावेला आपण कळवायला हवं, आणि सगळ्यात आधी कळवायला हवं, असं शेवंतीला वाटलं. मी चहाचं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं आणि खाली जमिनीवर बसले. आता महिना होऊन गेला. पाहुणे परतले, घर आवरून झालं, आणि अक्कांबद्दल काहीतरी लिहावं असं आता कुठे वाटू लागलं आहे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सुशीला. गाव त्यांना वयनी म्हणायचं, मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून अक्का म्हणत आले. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. माझे यजमान मुंबईला नोकरीत, मला जवळच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळालेली, म्हणून मी गावीच राहिले. थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, ते बोटीवर होते. वर्षातला मोठा काळ ते कुठल्या समुद्रावर आहेत हे घरात फक्त नकाशाच्या आधाराने कळायचं. अक्का त्याआधी बरीच वर्षं मुंबईत बिऱ्हाड करून होत्या. सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्या मुलाला घेऊन गावी आल्या आणि परत गेल्याच नाहीत. उंच, सावळ्या, चालताना हात जोरात हलवणाऱ्या, आणि आवाज असा की खालच्या वाटेने जाणाऱ्याला अंगणातून हाक मारली तर तो दचकून थांबायचा. हसायच्याही तशाच. मी नवी होते तेव्हा मला त्या हसण्याची भीतीच वाटायची. आपल्याला तर हसत नाहीत ना, असं वाटून मी पदर सावरायची.

आमचं गाव भाट्याच्या खाडीत बरंच आतल्या बाजूला. वरची वाडी कातळाच्या कुशीत, माडा-पोफळीत, आणि खाली पाण्याला लागून बंदरवाडी. वरच्या वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. घरोघरी बाया, म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी मुलं. मनीऑर्डर आली की चूल नीट पेटायची, नाही आली की बाया एकमेकींच्या दारात तांदळाची वाटी घेऊन उभ्या राहायच्या. द्वारका अशीच आमच्याकडे यायची. अक्कांच्याच वयाची, तोंडाने तिखट, कामाला वाघ. तिच्या नवऱ्याने मुंबईत दुसरं घर केलं होतं आणि गावाकडे पैसे पाठवणं बंद करून टाकलं होतं. एक दिवस ती वाटी घेऊन आली आणि नेहमीसारखी बोलली नाही. अक्कांनी तांदूळ दिले, ती गेली, आणि अक्का बराच वेळ आमच्या न्हाणीघराच्या चुलीसमोर उभ्या राहिल्या. त्या चुलीत नारळाची सोडणं जळत होती. मला म्हणाल्या, "सुनंदा, ह्या वाडीत रोज सकाळी केवढी सोडणं जाळतो गो आपण? नुसता पाणी तापवायला?"

ती त्यांची सुरुवात. सोडणापासून काथ्या निघतो आणि काथ्याचं सुंभ होतं हे काही गुपित नव्हतं, पण आमच्या बाजूला ते कुणी करत नव्हतं. अक्का भाट्याला नारळ संशोधन केंद्रावर जाऊन चौकशी करून आल्या. मग वेंगुर्ल्याकडे कुणा नात्यातल्यांकडे गेल्या आणि परत येताना राट, म्हणजे सुंभ वळायचं चाक, चालवणारी एक वयस्क बाई सोबत घेऊन आल्या. ती बाई पुढे अख्खा हिवाळा आमच्या घरी राहिली. तिचं मालवणी बोलणं मामंजींना फार आवडायचं, तोंड वाकडं झाल्याने स्वतःला बोलता येत नसलं तरी ते तासन् तास तिचं ऐकत बसायचे. परड्यातला मांगर, ज्यात आम्ही गवत आणि मोडकी अवजारं ठेवायचो, तो अक्कांनी झाडून सारवून घेतला. गावातल्या सुताराने जुन्या होडीच्या लाकडातून राट करून दिला. पहिल्यांदा द्वारका आली, मग तिच्यामागून चार-पाच जणी.

काम सोपं नव्हतं. सोडणं जाळ्यात बांधून खाडीच्या चिखलात दगडांखाली दाबून ठेवायची. महिनोन् महिने ती तिथे कुजायची. मग बाहेर काढून, धुऊन, लाकडी मोगरीने बडवायची, तेव्हा कुठे सोनेरी धागा हाती यायचा. हात सोलून निघायचे. पहिलं सुंभ निघालं ते एका जागी जाड, एका जागी बारीक, आणि ते बघून अक्का इतक्या हसल्या की द्वारका चिडली. पण वर्षभरात त्या बायांच्या हाताला वळण आलं. रत्नागिरीच्या एका आंब्याच्या व्यापाऱ्याने पेट्या बांधायला सुंभ घ्यायचं कबूल केलं. पहिला माल गेला त्या दिवशी द्वारका एसटीतून उतरली ती थेट दुकानात गेली आणि तिथून आमच्याकडे. रिकामी वाटी घेऊन नव्हे, गुळाचा खडा घेऊन. मामंजींच्या तोंडात तिने तो स्वतःच्या हाताने घातला.

पुढच्या दोन वर्षांत मांगर भरून गेला. राट वाढले, बाया वाढल्या, शेजारच्या गावातूनही सोडणं येऊ लागली. आधी खाडीच्या एका कोपऱ्यात चार जाळी असायची, आता बंदरवाडीच्या वळणावरचा सगळा शांत पाण्याचा पट्टा सोडणांनी भरला. वास यायचा, भयंकर यायचा, पण तो पैशाचा वास आहे असं बाया हसत म्हणायच्या. दादा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "मी इतकी बंदरं बघितली, पण असा वास कुठे नाय बघितला." अक्का म्हणाल्या, "तुम्ही परत जाल. आम्हाला इथेच राहायचंय. आम्हाला चालतो."

बंदरवाडीला मात्र चालत नव्हता. हे आम्हाला कळलं ते एका दुपारी. मी शाळेतून नुकतीच आले होते, अक्का पडवीत बसून मामंजींना पेज भरवत होत्या. शेवंती अंगणात आली. तेव्हा ती तरुण होती, किडकिडीत, कंबरेला लुगडं खोचलेलं, पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले. डोक्यावरची टोपली तिने खाली ठेवली नाही, तुळशीसमोर सरळ उलटी केली. तिसऱ्यांचा ढीग अंगणात पसरला. सगळ्या तोंडं उघडून मेलेल्या, काळ्या पडलेल्या, आणि वास मांगरातल्यापेक्षाही वाईट.

"वयनी, बघ ह्या," ती म्हणाली. "तुज्या सोडणांच्या खालचा चिखल उकरला तर ह्या मिळतात. पाणी काळा पडलाय. आमी काय खायचा, तूच सांग."

मांगरातून बाया बाहेर आल्या. द्वारका सगळ्यात पुढे. "खाडी काय तुमच्या एकट्यांची हाय?" ती ओरडली. शेवंतीनेही आवाज चढवला. अक्कांनी त्या दिवशी शेवंतीला नीट उत्तर दिलं नाही, हे मला सांगायलाच हवं, कारण त्यांना देवत्व देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या तावातावाने म्हणाल्या की पावसाळ्यात वरून माती येते, तिनेही तिसऱ्या मरतात, प्रत्येक गोष्ट आमच्या माथी मारू नको. शेवंती रिकामी टोपली उचलून गेली. अक्कांनी पेजेची वाटी परत हातात घेतली, पण मामंजींनी तोंड मिटून घेतलं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं फारसं... डाव्या हाताने ते फक्त अंगणाकडे बोट दाखवत राहिले. ते बंदरवाडीवाल्यांबरोबर मासे मारत वाढले होते.

संध्याकाळी अक्कांनी स्वतः त्या तिसऱ्या गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्याबरोबर त्या खाली निघाल्या. मी सोबत गेले, रविवार होता. शेवंतीच्या दारात उभं राहून अक्का म्हणाल्या, "चल, दाखव मला."  शेवंतीने विळी ठेवली आणि आमच्या पुढे चालू लागली. वळणाच्या वरच्या बाजूला, जिथे सोडणं नव्हती, तिथे तिने चिखलात हात घातला आणि मूठभर जिवंत तिसऱ्या काढल्या, हातात येताच घट्ट मिटणाऱ्या. मग खाली आली. अक्का लुगडं खोचून गुडघ्यापर्यंत चिखलात उतरल्या आणि स्वतः उकरू लागल्या. इथे उकर, तिथे उकर, सोडणांच्या जाळ्यापासून लांब जाऊन उकर... सगळीकडे नुसती उघडी शिंपली. अक्कांनी हात वर काढला, नाकाशी नेला, आणि तशाच उभ्या राहिल्या. भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत त्या हलल्या नाहीत. वर चढताना मला म्हणाल्या, "माती नाय गो ही. आम्हीच आहोत."

त्यानंतरची मांगरातली बैठक मी विसरू शकत नाही. आंब्याचा हंगाम तोंडावर आला होता. व्यापाऱ्याने त्या वर्षी पूर्वीपेक्षा खूप जास्त सुंभ मागितलं होतं. अक्का उभ्या राहून म्हणाल्या की खाडीतली सोडणं काढायची, सगळी, आणि पुन्हा तिथे घालायची नाहीत.  मग एकच गलका झाला. द्वारका उठली. रागावली नव्हती, ते जास्त कठीण होतं. हळू आवाजात म्हणाली, "शेवंतीची पोरा ती पोरा, आनि माजी? तू मला राटावर बसवलास, आनि आता तूच उठ म्हणतेस?"

 अक्कांनी उगाच शब्द जुळवले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उठ म्हणत नाय. दुसरा काहीतरी शोधूया म्हणते. मला जरा वेळ दे."

"पोटाला कसला वेळ देतेस?" द्वारका म्हणाली आणि आपली मोगरी उचलून निघून गेली. तिच्यामागून आणखी काही जणी गेल्या. त्यांनी खाडीच्या बऱ्याच वरच्या अंगाला, दुसऱ्या गावाच्या हद्दीत, आपली सोडणं घातली आणि त्याच व्यापाऱ्याला माल देऊ लागल्या. अक्कांनी त्यांना अडवलं नाही. व्यापाऱ्याकडे जाऊन त्यांच्याबद्दल वाईट बोलल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिचा खरा हाय. माझाही खरा हाय. काय करायचा सांग?"

सोडणं काढायला आठवडे लागले. उरलेल्या बाया, आणि त्यांच्या बरोबरीने बंदरवाडीच्या बाया, रोज ओहोटीला उतरायच्या. वरची वाडी आणि बंदरवाडी एका कामाला एकत्र उतरल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं. चिखलाने जड झालेली जाळी ओढताना दोघींचे हात एकाच दोराला असायचे, एवढंच. दादांचं बोटीवरून पत्र आलं, त्यात त्यांनी लिहिलं होतं की एवढं मांडलेलं मोडू नकोस, जगात सगळीकडे असंच चालतं. अक्कांनी मला उत्तर लिहायला बसवलं, कारण त्यांचं अक्षर त्यांना आवडत नसे. सांगितलं, "लिही, बोट बघितलेल्या माणसाने पाण्याबद्दल असा बोलू नये." मी लिहिलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो. त्या दिवसांत त्या हसल्या तेवढंच.

पण सोडणं कुठे कुजवायची? अक्का महिनाभर गावाच्या आजूबाजूला नुसत्या हिंडत होत्या. लोक म्हणायचे, वयनीला वेड लागलं. शेवटी त्यांना जागा सापडली ती वर कातळावर, जुन्या सोडून दिलेल्या चिरेखाणीत. जांभा काढून काढून तिथे चौकोनी खोल खड्डे झाले होते. पावसाचं पाणी त्यात साचायचं ते उन्हाळा अर्धा सरेपर्यंत टिकायचं. कुणाच्या विहिरीकडे त्या पाण्याचा उतार नव्हता, हे त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, स्वतः उतारावर चालून बघून पक्कं केलं. जमीन ज्यांची होती ते मुंबईत. त्यांच्याकडे अक्का स्वतः जाऊन परवानगी घेऊन आल्या. आणि मग डोक्यावरून सोडणांचे भारे चढणीने वर न्यायचे. खाडीत टाकायला उतार होता, इथे सगळा चढ. बाया कुरकुरायच्या आणि चढायच्या. अक्का सगळ्यात पुढे.

खड्ड्यातल्या गोड्या पाण्यात सोडण वेगळं कुजतं. जास्त वेळ घेतं, आणि धागा तांबूस, राठ निघतो. सुंभ वळायला बसल्या तर बोटांतून रक्त यायचं आणि दोर मऊ व्हायचा नाही. व्यापाऱ्याने माल हातात घेऊन बघितला आणि परत दिला. ते एक वर्ष फार वाईट गेलं. बाया कमी होत होत अगदी मोजक्या उरल्या. एका संध्याकाळी मांगरात अक्का एकट्या बसलेल्या मला दिसल्या. तो राठ धागा मांडीवर घेऊन त्याची वेणी घालत होत्या, लहान मुलीच्या केसांची घालावी तशी. मला म्हणाल्या, "हा वळत नाय, पण झिजत पण नाय. बघ ओढून." त्या वेणीची त्यांनी गोल गुंडाळी केली, टाके घातले, आणि मांगराच्या दारात टाकली. स्वतः त्यावर पाय घासले. मग मला घासायला लावले. असं आमचं पहिलं पायपुसणं झालं.

ती विकायला अक्का माझ्याबरोबर माझ्या माहेरी, चिपळूणला आल्या. माझ्या वडिलांना वाटलं, बाजारपेठेत दोन-तीन ओळखीच्या दुकानदारांना सांगावं. अक्का म्हणाल्या, "दुकानदार नको, दार असलेला माणूस दाखवा." आणि त्या कचेऱ्यांत शिरल्या. नदीकाठचं गाव, चिखलाचे दिवस, प्रत्येक कचेरीच्या फरशीवर पायांचे ठसे. अक्का साहेबांच्या खोलीच्या दारात पायपुसणं टाकायच्या आणि आत नमस्कार करून म्हणायच्या, "साहेब, जरा बाहेर या, पाय पुसा, आणि मग आत जाऊन सांगा हवा की नको." एक साहेब चिडले, एक हसले, एकाने खरंच बाहेर येऊन पाय पुसले आणि खाली बघत म्हणाले, "अहो, हे तर माझ्या बुटांपेक्षा टिकेल." माझ्या वडिलांनी नंतर कितीतरी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली. त्या एका पावसाळ्यात चिपळूणच्या दारांनी आमचा मांगर जिवंत ठेवला.

बडवून उरलेला भुसा आधी आम्ही फेकायचो. अक्कांनी तो माडांच्या आळ्यांत घातला, आणि उन्हाळ्यात ती आळी इतरांपेक्षा जास्त दिवस ओली राहतात हे लक्षात आल्यावर बागायतदार गाड्या घेऊन यायला लागले. हळूहळू बाया परतल्या. पुढे-पुढे पेट्या बांधायला आणि होड्यांना प्लास्टिकच्या दोऱ्या आल्या, सुंभाची मागणी बसली, आणि तो व्यापारी खाडीच्या वरच्या अंगाला यायचाच बंद झाला. द्वारका मुंबईला कुणाच्या घरी स्वयंपाकाला गेल्याचं कळलं. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी म्हटलं, "अक्का, ती स्वतः गेली होती." तर म्हणाल्या, "गेली ती माझ्यामुळे. आणि माझा बरोबर होता म्हणून तिचा दुखणा कमी होत नाय."

खाडी मात्र मोकळी झाली होती. दोन पावसाळे वाहून गेले आणि एका सकाळी आमच्या पायरीवर एका जुन्या पितळी ताटात तिसऱ्यांचा वाटा ठेवलेला होता, जिवंत, घट्ट मिटलेल्या. कुणी ठेवला हे विचारायची गरज नव्हती. अक्कांनी सुकं केलं, ओलं खोबरं जरा जास्तच घातलं, आणि मामंजींना भरवलं. मामंजींचं ते शेवटचं वर्ष. ते खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिखटाने की आणखी कशाने, कोण जाणे. संध्याकाळी अक्का ताट परत करायला गेल्या आणि रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी आल्या नाहीत. मी बघायला गेले तर शेवंतीच्या ओटीवर दोघी बसल्या होत्या आणि शेवंती सांगत होती की बंदरवाडीच्या बायांनी बाजारात वेगवेगळं न बसता एकत्र माल न्यावा असं तिला वाटतं, पण कुणी ऐकत नाही. अक्का ऐकत होत्या. मग एकच विचारलं, "बारक्या तिसऱ्या पण काढता काय?" शेवंती म्हणाली, "सगळ्याच काढतो." पुढे बंदरवाडीच्या बायांनीच आपसात ठरवलं की पावसाळ्यात वळणाच्या त्या पट्ट्यात कुणी उतरायचं नाही आणि बारकी तिसरी परत चिखलात टाकायची. पहिल्या वर्षी भांडणं झाली, एका बाईची टोपली ओढली गेली, पण ठरलेलं टिकलं. त्या एकत्र टेम्पो करून बाजारात जाऊ लागल्या तो दिवस शेवंती अजून सणासारखा सांगते.

मग अक्कांकडे लोक यायला लागले. दाभोळहून मासे सुकवणाऱ्या बाया आल्या होत्या. वाळूवर पसरलेल्या माशात वाळू जाते, गिऱ्हाईक नाक मुरडतं, काय करावं? अक्कांनी लगेच काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "मला मासे सुकवता येत नाहीत. मी तुमच्याकडे येऊन राहीन, बघेन." आणि खरोखरच तिथे जाऊन राहिल्या, त्यांच्यासोबत पहाटे बंदरावर गेल्या, मासे साफ केले, हाताला खारवण्याचं मीठ झोंबलं. बांबूच्या उंच मांडवांवर जुनी जाळी ताणून मासे वाळवायची कल्पना अक्कांची नव्हती, ती तिथल्याच एका बाईची होती. तिच्या सासूने ती उडवून लावली होती. अक्कांनी फक्त त्या सासूला एक मांडव बांधून बघायला राजी केलं. परत आल्यावर मी विचारलं, "एवढे दिवस काय केलंत?" तर म्हणाल्या, "सासूशी पत्ते खेळले."

कुणाला काही सुरू करायचं असलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आणि तो धंद्याचा नव्हता. "ह्याच्यानं कुणाचा काय बिघडणार, ते आधी सांग." लोकांना तो प्रश्न आवडायचा नाही. एक उत्साही तरुण तर चिडून म्हणाला की सुरू होण्याआधीच तुम्ही अपशकुन करता. अक्का त्याला म्हणाल्या, "मी आधी विचारला नव्हता. म्हणून विचारते."

द्वारका आली ती एका शिमग्याला. चाकरमानी गावी आले होते, पालखी घरोघर फिरत होती, ढोल वाजत होते. मांगरात काम बंद होतं, पण अक्का एकट्याच पायपुसणी ताणून शिवायच्या लाकडी चौकटीवर काहीतरी नीट करत होत्या. दारात सावली पडली. द्वारका केस पिकून, अंगाने वाळून उभी होती. आत आली नाही. दारातल्या पायपुसण्यावर पाय दाबून बघितला, वाकून कड चाचपली आणि म्हणाली, "काठ सैल सुटलाय."

अक्कांनी वरही बघितलं नाही. "मग घट्ट करून दे," म्हणाल्या.

द्वारका खाली बसली. बाहेर ढोल वाजत होते आणि आत दोघी टाके घालत होत्या. मी दारातून परत फिरले. मला आत जागा नव्हती असं नाही, पण ती वेळ त्या दोघींची होती. द्वारका मुंबईला परत गेली नाही. पुढची सगळी वर्षं मांगर ती आणि अक्का मिळून चालवत होत्या, रोज भांडत होत्या, आणि एकीला ताप आला की दुसरी कामाला हात लावत नव्हती.

माझी बदली झाली, मग निवृत्ती, मी चिपळूणला आले. अक्का थकल्या तरी मांगरात जाऊन बसायच्या. शेवटच्या वर्षी मोगरी उचलत नव्हती, पण वेणी घालता यायची. गेल्या त्या झोपेत, शांतपणे. दादा आधीच गेले होते.

उत्तरकार्याला मी गावी होते. मांगर बंद ठेवायचा असं पुतण्याने सांगितलं होतं आणि ते रीतीला धरूनच होतं. पण चिरेखाणीतली सोडणं बाहेर काढलेली, बडवायला आलेली. आणखी ठेवली असती तर धागा तुटायला लागला असता. अंगणात भटजींनी विधी सुरू केले आणि परड्यातून मोगरीचा आवाज यायला लागला. आधी एक, मग दुसरी, मग सगळ्या एका तालात. पुतण्या उठायला लागला तर भटजींनीच हाताने त्याला बसवलं. त्या आवाजात मंत्र चालू राहिले.

जेवणं उरकल्यावर मी मांगरात गेले. खिडकीजवळची अक्कांची बसायची जागा रिकामी होती. पाट तसाच, समोर अर्धी चौकट. इतक्या बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, तरी तेवढा तुकडा सगळ्यांनी सोडला होता. मग शेवंतीची नवी सून आली, लग्न होऊन थोडेच दिवस झालेली, तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि सरळ जाऊन त्या पाटावर बसली. सगळ्यांचे हात थांबले. शेवंती तिला उठवायला पुढे झाली. मुलीच्या ध्यानात आलं, ती घाबरून अर्धवट उठली.

द्वारकेने मान वर केली. आता तिला नीट दिसत नाही, डोळे किलकिले करून तिने खिडकीकडे बघितलं.

"बस गो," म्हणाली. "तिथे उजेड चांगला येतो."